सरावातील मरगळ आणि चुरस

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘मुलांच्या उपयोगाचे काहीतरी लिहा’ असे सांगितले, तेव्हा अभ्यास, परीक्षा, वाचनाची सवय असे नेहमीचे विषय प्रथम मनात आले. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गेली काही वर्षे शाळा सुटल्यावर गावातील मुलांकडून फुटबॉलचा सराव करून घेत आहे. आणि त्या एका तासाबद्दल पालकांनी मला जितके टोचून विचारले आहे, तितके वर्गातील तासांबद्दल कधीही विचारलेले नाही. म्हणून त्याच तासाविषयी लिहावयाचे ठरविले. फुटबॉलचे नियम किंवा डावपेच येथे सांगावयाचे नाहीत. सराव थंड का पडतो आणि त्यात जीव कसा आणता येतो, एवढाच विषय आहे.

प्रारंभ एका टोमण्याने झाला. मैदानाशेजारून बैलगाडी घेऊन जाणारे एक गृहस्थ (त्यांचा मुलगा माझ्याच संघात होता) थांबले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “सर, पोट्टे तं उभेच दिसून राह्यले. उभंच राहाचं असन तं संत्र्याच्या बागेत उभे राहू द्या, पाखरं तरी हाकलतीन.”

टोमणा झोंबला, कारण तो खरा होता. आपल्या भागात कापूस वेचणीच्या आणि संत्रा तोडणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हाताला काम असते. अशा वेळी मुलाला संध्याकाळी एक तास मोकळा सोडणे म्हणजे घरच्यांनी मास्तरांना दिलेली उसनवारीच होय. तो तास कंबरेवर हात ठेवून उभे राहण्यात जाऊ लागला, तर पालक मूल परत बोलावून घेणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्या हंगामात तशी दोन मुले गेली. एक पुन्हा आला, दुसरा आला नाही.

माझे त्या वेळचे निदान साधे होते: मुले आळशी आहेत, त्यांच्यात जिद्द नाही, हातात मोबाइल आल्यापासून अंगातले पाणीच गेले आहे. बी. एड.च्या वर्गात आम्हांला शिकविले होते की, मूल लक्ष देत नसेल तर आधी पाठाकडे पाहावे आणि मग मुलाकडे. वर्गात मी हे पाळीत होतो. मैदानावर गेल्यावर मात्र माझ्यातला शिक्षक शिट्टीच्या दोरीला लटकून राही आणि हवालदार तेवढा जागा होई. ओरडणे, नावे ठेवणे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ढिलाई दिसली की मैदानाला दहा फेऱ्या! परिणाम उलटाच झाला. शेवटी फेऱ्या माराव्या लागणार हे ठाऊक असल्याने मुले आधीपासूनच दम राखून खेळू लागली. ज्या धावण्यावर खेळ उभा आहे ते धावणेच मी शिक्षा करून टाकले होते.

ह्या निदानाला पहिला धक्का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बसला. आपल्या गावाला हा दिवस समजावून सांगण्याची गरज नाही; पण ही स्मरणिका बाहेरगावी राहणाऱ्या कुटुंबांतही जाईल, म्हणून दोन ओळी लिहितो. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला आपले सावरगाव. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावलेला असतो. तो मिळविण्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. हीच गोटमार. मी तिचे समर्थन करीत नाही. दरवर्षी माणसे जखमी होतात, कित्येकांचे डोळे आणि हातपाय गेले, काहींचे प्राणही गेले. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्नही प्रशासनाने एकदा करून पाहिला, तो टिकला नाही. माझ्या संघातील मुलांनी तिकडे फिरकू नये म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम काठावर जाऊन उभा राहतो.

त्या वर्षी असाच उभा असताना आमच्या मागच्या फळीतला एक उंच मुलगा मला दिसला. सरावात हा लिंबाच्या झाडाला टेकून राहणारा. येथे मात्र काठावरून खाली, खालून वर, धापा टाकीत, घामाने निथळत धावत होता. सकाळपासून पोटात काही नसावे. त्याला हात धरून घरी पोहोचविले खरे. पण परतताना एकच विचार डोक्यात घोळत होता: ह्या मुलात शक्ती नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो?

गोटमारीतले दगड सोडून बाकीचे पाहू लागलो. जिंकावयाची वस्तू सर्वांना समोर दिसते. तीच वस्तू हवी असलेला प्रतिपक्ष पलीकडे उभा असतो. आणि तेथे रांग नसते. आपली पाळी येण्याची वाट कोणी पाहत नाही. माझ्या सरावात ह्यांपैकी काय होते? काहीच नव्हते.

आठवडाभराने त्याच मुलाला मी सरावात विचारले, “अरे, तू धावत का नाहीस?” तो निर्विकारपणे म्हणाला, “सर, कायले धावू? बॉल तं येतच नाही माह्याकडं.”

सगळी मुले हसली. मी रागावलो. रात्री मात्र वही काढून हिशेब मांडला. माझ्याकडे चोवीस मुले. सरावातला आवडता प्रकार असा की, सर्वांनी रांगेत उभे राहावयाचे, एकेकाने पुढे येऊन चेंडू घ्यावा, गोलावर फटका मारावा आणि रांगेच्या शेवटी जावे. एका पाळीला पंधरा सेकंद धरले तर चाळीस मिनिटांत १६० पाळ्या होतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला सहा किंवा सात. सात पाळ्यांचे १०५ सेकंद. म्हणजे चाळीस मिनिटांपैकी पावणेदोन मिनिटे मूल खेळत होते आणि सव्वाअडतीस मिनिटे उभे होते. बैलगाडीवाल्या गृहस्थांनी हिशेब न मांडताच तो ओळखला होता.

मग मी पूर्ण सामना का खेळवीत नव्हतो? तेही करून पाहिले होते. बारा विरुद्ध बारा, एक चेंडू, मोठे मैदान. चेंडूभोवती सहा-सात मुलांचा घोळका, बाकीचे प्रेक्षक. मोठ्या समूहात माणूस अंग चोरतो हे जुने सत्य आहे. बैलजोडीतला एक बैल जू नुसते मानेवर ठेवून चालतो आणि ओझे दुसऱ्यावर जाते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने हीच गोष्ट माणसांना दोर ओढावयास लावून मोजली होती. १९१३ साली त्याने ती प्रसिद्ध केली. आठ माणसांनी मिळून दोर ओढला तेव्हा प्रत्येकाचा जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर आला होता. कोणी म्हणेल, आठ जणांचा झटका एकाच क्षणी बसत नाही म्हणून असे होत असेल. ते काही अंशी खरेच आहे. परंतु पुढे १९७४ साली अमेरिकेत डोळे बांधून हा प्रयोग पुन्हा करण्यात आला. मागे बरेच जण ओढीत आहेत असे त्या माणसाला भासविले. प्रत्यक्षात ओढणारा तो एकटाच होता. तरीही त्याचा जोर कमी झाला. ‘दुसरे आहेत ना’ हा विचारच पुरेसा होतो. त्यात आळशी माणूस आणि कष्टाळू माणूस असा भेद फारसा नाही.

तेव्हा दुखणे मुलांच्या रक्तात नसून माझ्या मांडणीत होते. मुले कमी आणि जागा लहान केली, तर अंग चोरण्यास जागाच राहणार नाही, असे वाटू लागले.

ह्या बाबतीत आपल्याला फार दूर पाहावयास नको. शेजारच्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी २००१ साली पावसात मोडकी बादली लाथाडीत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांचे काम पुढे ‘स्लम सॉकर’ ह्या नावाने देशभर पोहोचले. २०२२ साली आलेला ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरूनच निघाला. चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पण माझे लक्ष गेले ते त्यांची मुले जी बेघरांची विश्वचषक स्पर्धा खेळावयास परदेशी जात, तिच्या नियमांकडे. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे सुरू झाली. तिच्यात एका बाजूला चारच खेळाडू असतात, त्यातला एक गोलरक्षक. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्याशा जागेत लपणार कोठे? चेंडू गेला की दोन पावलांवर प्रतिस्पर्धी, चेंडू मिळाला की चार पावलांवर गोल.

मी दुसऱ्याच दिवशी चुन्याने तीन लहान मैदाने आखली. तीस पावले लांब, वीस पावले रुंद. गोलाच्या जागी दोन-दोन विटा. चोवीस मुलांचे सहा संघ, चार विरुद्ध चार, गोलरक्षक नाही. प्रत्येक मैदानाच्या कडेला एक जादा चेंडू ठेवला. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या भाषणांनी कधी पडला नव्हता. पूर्वी चेंडू नाल्यात गेला की एक जण आणावयास जाई आणि बाकीचे गप्पा मारीत. ती दोन मिनिटे संपेपर्यंत सगळी ऊब निघून जाई. आता चेंडू बाहेर गेला की जवळचा मुलगा लगेच दुसरा आत टाकतो आणि गेलेला चेंडू विश्रांतीच्या वेळी आणला जातो. जादा चेंडू नवेच हवेत असे नाही; आमचे दोन तर ठिगळाचे आहेत.

वेळेचा प्रश्न मला अधिक अवघड गेला. माझी समजूत अशी की, जास्त वेळ म्हणजे जास्त सराव. आम्ही दीड-दीड तास मैदानावर असू. पण जोर आणि लांबी ह्या दोन गोष्टी एका म्यानात राहत नाहीत. नॉर्वेतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. तरुण फुटबॉलपटूंना आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, चार मिनिटे जोराने धावावयास लावले. मध्ये तीन मिनिटे संथ धावणे. असे चार वेळा. जोर इतका की हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत जावेत. आठ आठवड्यांनंतर ते खेळाडू सामन्यात पूर्वीपेक्षा २० टक्के अधिक अंतर धावू लागले आणि त्यांची जोराची धाव दुपटीवर गेली. ह्यात खरे श्रम किती? सोळा मिनिटे! ते खेळाडू चेंडूविना धावत होते. पुढील संशोधनात असे दिसले की, लहान मैदानावरील थोड्या खेळाडूंच्या खेळातही हृदयाला जवळपास तितकेच काम पडते, आणि वर चेंडूचे शिक्षण फुकट मिळते.

आता आमचा सराव एका तासात संपतो. दहा मिनिटे चेंडूसह अंग गरम करणे. मग चार मिनिटांचा एक डाव आणि तीन मिनिटे विश्रांती, असे चार डाव. पाणी. मग तसेच आणखी दोन-तीन डाव, आणि उरलेला वेळ ज्याला जे आवडते त्यासाठी. विश्रांती ही खरी विश्रांती असली पाहिजे. तेव्हा मी उपदेश करीत नाही. जोर पुरेसा आहे की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. डाव संपताच मुलाला घरचा काही प्रश्न विचारावा. त्याने पूर्ण वाक्यात खुशाल उत्तर दिले तर तो आरामात होता. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर डाव ठीक झाला. मोठ्या मुलांना मानेवरची नाडी पंधरा सेकंद मोजावयास शिकविले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाची ती ४५-४६ च्या आसपास आली तर तो चांगला तापला आहे, असा ढोबळ अंदाज धरावा. मुलांना ह्या मोजणीचे विलक्षण वेड लागले आणि गणिताच्या तासाला चारचा पाढा न येणारा एक जण येथे क्षणात गुणाकार करू लागला.

प्रत्येक डावाचा गुणफलक असतो. चुरस आणावयाची तर गुण मोजलेच पाहिजेत. ‘नुसते खेळा’ म्हटले की मुले नुसतीच खेळतात. जिंकणारा संघ एक मैदान वर सरकतो, हरणारा एक खाली येतो. वरच्या मैदानाला मुलांनी ‘नागपूर’ असे नाव दिले आहे आणि सर्वांत खालच्याला आमच्या शेजारच्या एका गावाचे, ते येथे लिहीत नाही. हरणाऱ्याला फेऱ्या किंवा उठाबशा नाहीत. खाली उतरणे त्यांना पुरेसे लागते.

ह्यापुढची युक्ती मी एका शिक्षकाकडूनच घेतली, आणि तिचे ऋण मान्य करताना मला अभिमान वाटतो. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. जकार्ताच्या अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला २–१ ने हरविले. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेलसिंग ह्याला रहीमसाहेबांनी आघाडीला खेळविले आणि त्याने गोल केला. रहीमसाहेब स्वतः त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. पुढल्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. हे सर्व ‘मैदान’ चित्रपटामुळे २०२४ नंतर घरोघरी माहीत झाले आहे. पण त्यांचे जे काम मला शिक्षक म्हणून सर्वांत मोठे वाटते ते पदकांच्या आधीचे आहे. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घोळवीत नेण्यास बंदी, किंवा केवळ कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा. ‘पास लवकर द्या’ असे शंभर वेळा सांगण्याऐवजी पास लवकर दिल्याशिवाय गत्यंतर नाही, असा खेळच त्यांनी रचला.

मी त्यात आपल्यापुरती भर घातली. आमचा नियम असा: गोल झाला त्या क्षणी संघातील चौघेही मधल्या रेषेच्या पुढे असतील तरच गोल धरावा. कोणी मागे रेंगाळला असेल तर गोल रद्द. पहिल्या दिवशी आमच्या उंच मुलामुळे त्याच्या संघाचे तीन गोल रद्द झाले. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. जे काय बोलावयाचे ते त्याचे सवंगडी बोलले, आणि ते छापण्याजोगे नाही. चौथ्या डावात तो सर्वांच्या आधी रेषेपलीकडे होता. दुसरा नियम चेंडू गमावल्यानंतरचा. गमावणाऱ्या संघाने मोठ्याने पाच आकडे मोजावयाचे आणि पाच होण्याच्या आत चेंडू परत मिळविला तर एक गुण. पूर्वी चेंडू गेला की हात वर करून कोणाला तरी दोष देण्याची जी रीत होती, ती ह्या मोजणीने बंद केली. मोजता मोजता भांडता येत नाही.

येथे एक सावधगिरी. एकदा उत्साहाच्या भरात मी तीन नियम एकदम लावले. मुले पायांनी खेळण्याऐवजी डोक्याने हिशेब करू लागली आणि सराव पुन्हा गोठला. एका दिवशी एकच नियम.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिण्यास मला थोडे जड जाते. सराव तापू लागल्यावर मी जरा जास्तच खूष झालो. जो मुलगा मागे पडे त्याला नाव घेऊन हाका मारू लागलो. शिक्षकाच्या आवाजाने जोर वाढतो हे खरेच आहे. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तोच खेळ प्रशिक्षक उत्तेजन देत असताना आणि गप्प असताना खेळविला. उत्तेजन असताना खेळाडूंच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. परंतु उत्तेजन आणि हिणविणे ह्यांतली रेघ चुन्याने आखलेली नसते. नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी एक चपळ मुलगा चालत खेळत होता. मी सर्वांदेखत त्याला म्हटले, “तुला खेळायचे नसेल तर घरी जा, दुसऱ्याची जागा अडवू नको.” तो काही न बोलता गेला. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात सरकी निवडीत होती. ती म्हणाली, “मास्तर, त्या दिवशी तो सकायपासून आमच्यासंग कापूस येचाले आल्ता. भाकर खाल्लीच नाही, उशीर होते म्हणे सरावाले. तसाच पयत आला तुमच्याकडं.”

उशीर होतो म्हणून तो उपाशीपोटी पळत आला होता, आणि मी त्याला घरी जा म्हटले होते.

मी त्याची माफी मागितली; त्याच्या आईसमोर, आणि दुसऱ्या दिवशी संघासमोरही, कारण अपमान संघासमोर केला होता. तेव्हापासून सरावाला आल्याबरोबर दोन प्रश्न विचारतो: आज काय काम केले आणि शेवटचे कधी खाल्ले? ज्याने दिवसभर वेचणी केली आहे तो दोनच डाव खेळतो आणि बाकी वेळ घड्याळ सांभाळतो. शेवटचे खाणे चार तासांपूर्वीचे असेल तर मूठभर गूळ-फुटाणे किंवा केळे, आणि हंगामात संत्री. आपल्या भागात संत्र्याला तोटा नाही. भरपेट जेवून लगेच धावणेही वाईट. मध्ये दोन-अडीच तास असावेत. आयांना विनंती अशी की, सरावाच्या दिवशी दुपारची भाकर-भाजी मुलाने खाल्ली की नाही एवढे पाहावे. महागडी पावडर वगैरे काही नको.

आमच्या संघात रोजे ठेवणारी मुले आहेत, आणि श्रावण सोमवार व नवरात्र धरणारी त्यांहून अधिक. दोघांनाही माझा नियम एकच. निर्जळी उपास असेल त्या दिवशी जोराचे डाव नाहीत. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी अर्धा तास आम्ही नुसते पास, चेंडू अडविणे आणि फटका ह्यांचा सावकाश सराव करतो. रोजा नसलेल्या मुलांनी आधी किंवा बाजूला आपले डाव खेळावेत. शक्ती वाढविण्याचा महिना तो नव्हे, टिकविण्याचा आहे. पूर्वी मला भीती होती की मुले ह्यावरून एकमेकांना चिडवतील. चिडवतात, पण तेवढेच. सोमवारवाले इफ्तारची खजूर खाण्यास वेळेवर हजर असतात.

उन्हाळ्याविषयी मात्र हसण्यावारी नेऊ नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर असतो आणि संध्याकाळी साडेपाचलाही जमीन भाजते. त्या दोन महिन्यांत सराव सकाळी सहाला, आणि डाव निम्मे. दर विश्रांतीला पाणी, तहान असो वा नसो. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे, चमचा चहाचा. मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा अंग तापून गुंगी आली, तर तो थकवा नव्हे, उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत नेऊन कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि ते करीत असतानाच दवाखान्याची गाडी बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. अशा मुलाला ‘जोर लाव’ म्हणणाऱ्याने शिट्टी खाली ठेवावी.

लहान मैदानांचा एक लाभ मी आधी मनात धरला नव्हता. मोठे मैदान मुलांनी व्यापलेले असे, तेव्हा मुली कुंपणाशी उभ्या राहून पाहत. चौथे मैदान आखण्यास चुन्याच्या चार रेघा पुरल्या. आज तेथे नऊ मुली खेळतात. विषम संख्या असल्याने एक जण आळीपाळीने दोन्ही संघांची असते, आणि साहजिकच सर्वांत जास्त धाव तिचीच होते. आता मुलांच्या संघांनाही मी कधी कधी असा एक ‘दोघांचा’ खेळाडू देतो.

सर्व दुखण्यांवर हा उपाय आहे असे नव्हे. लहान मैदानावर वाढलेला मुलगा मोठ्या मैदानावर प्रथम हरवतो. चाळीस मीटरचा पास त्याने कधी दिलेलाच नसतो. म्हणून रविवारी आम्ही पूर्ण मैदानावर खेळतो, आणि त्यातली मरगळ मी निमूटपणे सोसतो. पावसाळ्यात आपली काळी माती बुटांना अशी धरते की चार पावलांत पाय दुप्पट जड होतात. तेव्हा चुरस कसली, चालणेही कठीण. त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात चेंडू उचलून धरण्याच्या शर्यती लावतो. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सराव फिका पडतो आणि तो पडू द्यावा. आणि काही संध्याकाळी कोणतेच कारण नसताना मुले मलूल असतात. असे झाले तर मी आता दोन डावांनंतर सराव संपवितो. अर्ध्या तासात घरी गेलेली मुले दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येतात, असा अनुभव आहे.

बैलगाडीवाले गृहस्थ अजूनही त्या वाटेने जातात. परवा त्यांनी गाडी थांबवून एक पूर्ण डाव पाहिला आणि मुलाच्या संघाचा गोल रद्द झाला म्हणून माझ्याशीच वाद घातला. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी साडेपाचला यावे. रेषेच्या बाहेर लिंबाकडल्या बाजूला उभे राहावे, आणि चेंडू बाहेर आला तर तो हातात धरून न ठेवता लगेच आत टाकावा.